वहिनीचा अर्धा डाव

३ मार्च

चि. चिमणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू दादासाठी बेतलेली नवी सिस्टीम काल शेजारच्या मास्तरांनी कॉम्प्युटरवर चढवली. मूळ सिस्टीम कुणालाही मोफत मिळते, उसवून आपल्या मापाची करता येते, हे तू सांगितलंस तेव्हा मला माझ्या साड्यांतून शिवलेले तुझे फ्रॉक आठवले. अक्षरं मोठी, चित्रं चारच. गुणाची गं माझी!

पण दादा हातच लावत नाही. मी कुरकुरले, लेकीने एवढं केलंय, बघ तरी. तर म्हणाला, तिचं नाव गेलं. पूर्वी कॉम्प्युटर लावला की दोन नावं यायची ना, त्याचं आणि वहिनीचं? ती गेल्यापासून आठ महिने तो रोज आधी तिच्या नावावर जायचा, तिने अर्ध्यावर सोडलेला पत्त्यांचा डाव बघायचा आणि एकही पान न हलवता बंद करायचा. मला मेलीला आज कळलं. डाव कायमचा गेला का गं? तेवढं कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डाव गेलेला नाही. आईच्या फाइली मी आधीच उतरवून घेतल्या होत्या. उघडल्या नव्हत्या.

बाबांना त्रास नको म्हणून नाव काढलं, असं मी मास्तरांना फोनवर म्हणाले होते. ते खरं नाही. सिस्टीम जुळवली की दर वेळी सुरू करून तपासावी लागते. अकरा वेळा जुळवली, अकरा वेळा आईचं नाव समोर आलं. बाराव्या वेळी काढलं. खेळही काढला.

रडू येत नाही. जेवते, झोपते.

खेळाची नवी आवृत्ती जुना डाव उघडत नाही. म्हणून जुनी शोधून तिच्याभोवती सगळं पुन्हा बांधलं. सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. तपासायला डाव उघडावा लागला. बदामच्या दश्शीवर इस्पिकची नव्वी जाते. आईला दिसली नसावी. मी हात लावला नाही.

बाबांना नमस्कार. रागावू नकोस.
तुझी चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस, आशीर्वाद.

रागावू कुणावर, वेडे?

मास्तर येऊन गेले. दोन्ही नावं आली. दादाने चष्मा पुसून वहिनीचं उघडलं. नव्वीचं मी बोलून गेले. माझ्या पोटात कधी काही राहिलंय? तो म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून दिसतेय. बऱ्याच वेळाने त्याने ती ठेवली.

डाव तिथेच अडला. गड्डीतली उरलेली पानं त्याने दोनदा फिरवून बघितली, एकही बसेना. मी म्हटलं, नवा मांड. त्याने नाही म्हणून मान हलवली.

मग म्हणाला, पोरीला लिही, तिच्या आईला नव्वी दिसली होती. पुढे काही नाही हेही दिसलं होतं. म्हणून ठेवली नाही.

जमेल तेव्हा ये. इकडची माया आहे तशीच आहे.
आत्या