जिंजूची मावशी

आई, मी कोरियाला जाऊन आले. मोठ्या राजधानीच्या शहरात नव्हे, तिथून बसने चार तास दक्षिणेला जिंजू नावाचं शहर आहे, तिथे. आपली मिरज आणि सांगली जोडली तर होईल साधारण एवढं. मधून नदी वाहते, नदीकाठच्या कड्यावर जुना किल्ला आहे. तुझा नातू तीन वर्षं झाली तिथे शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवतो. तू गेलीस तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि तू त्याला दोनदाच पाहिलं होतंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर अजून तोच असेल, खारकेचा तुकडा गालात धरून बसणारा. आता तो एकतीस वर्षांचा आहे. तुझ्या जावयांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून ते आले नाहीत. विमानतळावर सोडताना म्हणाले, "बघून ये, आणि जमलं तर घेऊन ये." मी तर घेऊन यायलाच निघाले होते. बॅगेत रवा होता, कपड्यांत गुंडाळलेली तुपाची बाटली होती, घरी कुटलेला मसाला होता आणि सगळ्यात खाली इथल्या, हॅमिल्टनच्या बी.एड.चे प्रिंट केलेले फॉर्म होते. त्याने फक्त अप्लाय करायचं, बाकी सगळं मी आणि बाबा बघू, असं मी विमानात चौदा तास मनात घोकत होते.

बसस्टँडवर तो घ्यायला आला. मिठी मारली, बॅगा उचलल्या, आणि पहिलं वाक्य काय, तर, "आई, यू मस्ट बी हंग्री. इमो वाट बघतेय." मी विचारलं, इमो कोण? म्हणाला, "म्हणजे मावशी. इथे रेस्टॉरंटच्या लेडीला तसंच म्हणतात." आई, मी तुझी एकुलती एक मुलगी. माझ्या मुलाला मावशी कुठून आली, हा विचार माझ्या डोक्यात तिथेच, बसस्टँडवर आला आणि पुढचे दहा दिवस तिथून हलला नाही.

तिची खानावळ त्याच्या घराखालच्या गल्लीत. सहा टेबलं, एका कोपऱ्यात चपला काढून बसायचा ओटा, भिंतीवर तिच्या मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो. नवरा वारलेला, मुलगी राजधानीत, वर्षातून दोनदा येणारी. बाई माझ्याच वयाची, बुटकी, आखूड कुरळ्या केसांची, हातात कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे. आम्ही आत शिरलो तेव्हा तिने हातमोजे काढून माझे दोन्ही हात धरले आणि खूप काही बोलली. मुलगा म्हणाला, "ती म्हणतेय, आय लुक लाइक यू." मला ते आवडायला हवं होतं. पण मी बघत होते की त्याला न विचारता तिने त्याच्यासमोर काय काय ठेवलं. सात लहान वाट्या. त्यातल्या दोन तिने मध्येच उचलून त्याच्या जवळ सरकवल्या, कारण त्या त्याच्या आवडीच्या होत्या. काकडी आणि कसलेसे बारीक सुके मासे. तुझ्या नातवाने हॅमिल्टनच्या माझ्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं काकडी ताटाच्या कडेला सारली आहे.

तुला आपली मेस आठवते ना? आठवते काय, तू जन्मभर तेच केलंस. बारा-पंधरा पोरं, बहुतेक डॉक्टरकीची, सगळी तुला काकू म्हणायची. मी सातवी-आठवीत असेन. शाळेतून भुकेली यायचे आणि तू म्हणायचीस, थांब, त्यांची पंगत उठू दे. तव्यावरची पहिली पोळी कधी माझ्या ताटात पडली असेल तर ती तू आजारी असताना, मी स्वतः लाटलेली. त्यातला बीडचा एक मुलगा होता, हडकुळा, मान खाली घालून जेवणारा. त्याच्या भातावर तू कुणाला दिसू नये अशी साय घालायचीस. मला दिसायची. मी दाराच्या फटीतून चमचे मोजत असे. मग एक दिवस त्याची आई आली, न कळवता, डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेला डबा. थेट चुलीपाशी येऊन उभी राहिली. "लई बारीक झालंय ओ लेकरू माझं. काय खाऊ घालता काय त्याला?" पातेल्यात डाव घालून तिने आमटी वर उचलली, परत सोडली आणि म्हणाली, "हे पाणी हाय." मला असा आनंद झाला! तुझं सगळं कौतुक, ती साय, सगळं पाण्यात. तू तिला पाट दिलास, वाढलंस. ती गेल्यावर मी म्हटलं, कसली आगाऊ बाई. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी दोन पावलं मागे सरले. "आगाऊ म्हणू नकोस. तिचं पोर माझ्या हातचं खाऊन मोठं होतंय. तिनं मला एवढं बोलायलाच पाहिजे." मला त्या वयात त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, तू याही वेळी त्यांचीच बाजू घेतलीस.

जिंजूत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या खोलीच्या खिडकीत उभी आहे आणि खाली बघते आहे. शाळा सुटल्यावर तो वर येत नाही, आधी खानावळीत जातो. दार उघडं आहे. तो ओट्यावर मांडी घालून बसलाय, समोर परातीएवढ्या भांड्यात लसूण, आणि दोघं सोलताहेत. तो काहीतरी बोलतो आणि ती हसता हसता सुरी खाली ठेवते. परत बोलतो, ती त्याच्या पाठीत धपाटा घालते. आई, माझा मुलगा विनोदी आहे हे मला ठाऊक नव्हतं. घरी आम्ही मराठीत बोलायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही एका शब्दाचं. गुड. फाइन. लेटर. शनिवारच्या मराठीच्या वर्गाला मी त्याला बर्फातून गाडी काढून पाच वर्षं नेलं, तो मागच्या सीटवर रडत यायचा. माझी भाषा तो तीस वर्षांत धड शिकला नाही, आणि तिची तीन वर्षांत शिकला. नुसती नाही, त्यांच्यातलं अहो-जाहो सांभाळून. तिला पाण्याचा पेला द्यायचा तर दोन्ही हातांनी देतो, किंचित वाकून. मला त्याने आयुष्यात कधी पेला दिला असेल तर तो फोनकडे बघत.

दुसऱ्या दिवशी त्याने मला किल्ला दाखवला. नदीवरचा लाकडी मंडप, खाली पाण्यात एक सपाट खडक. त्याने गोष्ट सांगितली. चारशे वर्षांपूर्वी शत्रूने किल्ला घेतला आणि वर विजयाची मेजवानी चालू असताना एका नाचणाऱ्या बाईने शत्रूच्या सरदाराला त्या खडकावर बोलावलं, मिठी मारली आणि त्याच्यासकट नदीत उडी घेतली. मिठी सुटू नये म्हणून तिने दहाही बोटांत अंगठ्या घातल्या होत्या म्हणे. बोटं एकमेकांत अडकून बसावीत म्हणून. मी त्या खडकाकडे बघत राहिले. मग तिथेच कठड्याला टेकून विषय काढला. फॉर्म पर्समध्येच होते, ते काढून त्याच्यापुढे धरले. तो ऐकून घेत होता, अगदी शांतपणे, आणि मग म्हणाला, "आई, मी अजून दोन वर्षांचं साइन केलंय."

"कधी?"

"सप्टेंबरमध्ये."

"आणि मला आज सांगतोस?"

"आय वॉज गोइंग टू. इमो म्हणाली, फोनवर सांगू नको, आई आली की समोर बसून सांग."

म्हणजे तिला ठाऊक होतं. तिने सल्लाही दिला होता, आणि तो सल्ला चांगला होता, हे तर मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी फॉर्म परत पर्समध्ये घातले. त्या दिवशी जेवताना तिने मातीच्या भांड्यात उकळतं सोयाबीनचं कालवण आणून ठेवलं. मी एक चमचा घेतला, भांडं पुढे सारलं आणि मुलाला म्हटलं, "तिला सांग, मीठ फार झालंय." मीठ बरोबर होतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. ती एकदम खुलली, वाकली, आणि माझ्या भांड्यात आणखी दोन डाव घालून गेली. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं, यू लव्ह इट," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पूर्ण मराठीत म्हणाला, "तू असं करू नकोस, आई." ते वाक्य त्याने चुकीशिवाय म्हटलं. मी मान खाली घालून सगळं संपवलं.

शनिवारी त्याचा वाढदिवस होता. पहाटे उठून त्याच्या एकाच शेगडीवर मी शिरा करायला घेतला. रवा भाजून होतो तोच दारावर टकटक. ती उभी, दोन्ही हातांत पातेलं. आत समुद्री शेवाळाचं हिरवंगार सार, त्यात तिसऱ्यांचे शिंपले. (तू वाचणार असतीस तर हे लिहिलं नसतं, पण मासे मी इकडे आल्यापासून खाते.) मुलगा डोळे चोळत उठला, म्हणाला, इथे वाढदिवसाला हे खातात. माझा हात रव्यात थांबला. वर्षातला हा एक दिवस तरी माझा होता, असं मला वाटत होतं. तिने स्वतःच कपाट उघडून वाडगे काढले. कुठलं भांडं कुठे आहे, ते तिला ठाऊक. पहिला वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. त्याच्यापुढे नाही, माझ्यापुढे. मग काही बोलली आणि मुलगा थांबून थांबून सांगू लागला. "हे बायका बाळंतपणात खातात. तिथून ते... यू नो, वाढदिवसाला. ती म्हणते, दुखलं तुम्हाला. तर आधी तुम्ही."

मी खाल्लं. बुळबुळीत आणि खारट, आणि गरम. ती समोर उकिडवी बसून बघत होती. मग तिने बोटं वर करून, पोटाकडे खूण करून विचारलं, किती तास? मी दहा दाखवली, मग नऊ. एकोणीस. तिने मान हलवली, आणि स्वतःची दहाही बोटं तीनदा उघडून मिटली. तीस! तिथेही ती माझ्या पुढे. मला हसू आलं, ती तर हसायलाच लागली, आणि तुझा नातू आम्हां दोघींच्या मध्ये हातात रिकामा वाडगा घेऊन उभा. "व्हॉट? काय झालं?" त्याला कुणीच सांगितलं नाही. शिरा तिने दोनदा मागून घेतला.

मला वाटत होतं की त्यानंतर माझं मन निवळेल. थोडं निवळलंही. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला तिची शेगडी दिली आणि मी तुझी आमटी केली, तुझ्याच मसाल्याची. ती तीन वाडगे प्यायली. मुलगा म्हणाला, "ही आजीची ना?" आणि तिला त्यांच्या भाषेत बराच वेळ सांगत बसला. काय सांगितलं त्याने तुझ्याबद्दल, त्याला तरी तू किती आठवतेस, मी विचारलं नाही. बसस्टँडवर त्याने मला मिठी मारली. बस सुटताना मागे पाहिलं तर ती दोघं हात हलवत होती, आणि त्याच्या गळ्यातला मफलर सैल झाला होता तो ती नीट करत होती. मी पुढे बघायला लागले.

आता इथे हॅमिल्टनमध्ये फेब्रुवारी चाललाय. जावई बेसमेंटमध्ये गुडघ्याचे व्यायाम करताहेत, ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच शोव्हल केला. फॉर्म रिसायकलिंगमध्ये टाकले. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, तिकडे सोमवारची सकाळ असते. आता तो पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, अर्धं मराठीत. हे त्या बाईने शिकवलं असणार, असं मला वाटतं, आणि मग तेवढाही आनंद मी धड होऊ देत नाही. मागच्या महिन्यात म्हणाला, इमोला तुझ्या मसाल्याची रेसिपी हवीय, त्याच्यासाठी करणार आहे. जवळच्या बुसान शहरातल्या इंडियन दुकानात सगळं मिळतं. मी वहीतून छान उतरवून पाठवली. धणे किती, तीळ किती, खोबरं कसं भाजायचं, लवंगा किती. तू कुणीही मागितली तर दारात उभ्या उभ्या हातचं न राखता सांगायचीस, तशीच.

काल तो म्हणाला, "आई, तिने आमटी केली. चांगली होती. पण तुझ्यासारखी नाही होत. समथिंग इज मिसिंग."

दगडफूल, आई. दगडफूल मी लिहिलं नाही. विसरले नव्हते, त्या ओळीवर पेन टेकवून थांबले होते. हे कागद कुठल्याच पोस्टात पडणार नाहीत म्हणून तुला सांगते आहे. त्याला मी म्हटलं, "तिकडचं पाणी वेगळं असतं ना, बाळा."