वीस इंच आणि वर पाऊण

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल आहात असं मी धरून चालतो, कारण तुझ्या मागच्या पत्रात खुशालीची एकच ओळ होती आणि उरलेली दोन पानं मला झोडपण्यात गेली होती. ठणठणीत असल्याशिवाय माणूस इतकं लिहू शकत नाही. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढू देऊ नकोस. (गाडी तर मुळीच चालवू देऊ नकोस, विशेषतः येत्या रविवारी. लांबचा रस्ता गुडघ्याला बरा नाही. हे मी निव्वळ काळजीपोटी लिहितोय.)

रविवारी सकाळी तू येणार आणि अप्पांना कायमचं तुझ्याकडे नेणार, हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आज बुधवार. काल मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या, यावरून काय ते समज. आता तू म्हणशील, केलंस तसं भर. कबूल. माळ्यावरून जुनं लोखंडी शिलाई मशीन उतरवताना ते माझ्याच हातून सुटलं आणि खाली भिंतीला टेकवलेल्या अप्पांच्या गिटारवर पडलं. मशीनला साधा ओरखडाही आला नाही. (हे मी तेव्हा आनंदानं मोठ्यानं म्हणालो, ते नडलं.) अप्पा आले, त्यांनी तुकड्यांकडे बघितलं आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून कालपर्यंत, तब्बल तीन महिने, ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मीही माणूस आहे, मला हे सोसेना. म्हणून मी सकाळी ते उठायच्या आत दुकान गाठायचो, डबा दुकानातच मागवायचो, आणि ते पुढच्या खोलीत बसलेले असले तर मागच्या दारानं घरात शिरायचो. त्यांच्या अबोल्यानं घराची ही दशा करून टाकली होती.

मी हात बांधून बसलो होतो असं समजू नकोस. पहिल्याच आठवड्यात नवी कोरी गिटार आणली आणि तुझ्या भावजयीकरवी आत पाठवली. ती तासाभरात परत आली. अप्पांच्या डाव्या हाताचे सांधे धरलेत, बोटं पूर्वीसारखी फाकत नाहीत. जुनी गिटार बुटकी होती, तिच्यावर ती कशीबशी पोचायची. नव्या लांबलचक गिटारवर करंगळी वाटेतच थांबते. तेव्हा दुकानासमोरच्या सुताराला माझी दया आली. तो म्हणाला, तुझ्या बटणांचा तो लाकडी डबा दे, त्याची तीन तारांची गिटार करू. (तोच डबा, एका गिऱ्हाइकानं सिगार संपवून अप्पांना भेट दिलेला. बटणं सध्या माझ्या जेवणाच्या डब्यात आहेत आणि जेवण कशात आहे ते विचारू नकोस.) डब्यातून आरपार एक लाकडी दांडा घालायचा, तीच गिटारची मान. एका टोकाला तारा टेकवायला आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाला डब्याच्या झाकणावर घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडाची चिंचोळी चीप. ऐकायला किती सोपं!

खरी मेख पट्टी आणि घोडी यांच्यामधल्या अंतरात आहे, कारण तार वाजते तेवढीच. ते अंतर एकदा ठरलं की मानेवरचे सगळे पडदे, म्हणजे तार दाबायचे आडवे उंचवटे, त्याच हिशेबानं बसतात: पहिला पडदा लांबीच्या अठराव्या भागावर, दुसरा उरलेल्याच्या अठराव्या भागावर, असं करत पुढं. अंतर वाढवलं तर तार ताठ, आवाज खणखणीत, पण पडदे लांब लांब. कमी केलं तर पडदे जवळ येतात आणि तार लुळी पडते. सुतार पंचवीस इंचांवर अडून बसला. मी वीस म्हणत होतो. पाऊण तास आम्ही एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो, आणि तोवर स्टुलावर टाचण्या लावलेली पँट घालून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं कुणी न विचारता तेवीस इंच असा निकाल दिला. हळू बोला म्हणून सांगायला पलीकडचा घड्याळवाला आला, तोही वाद ऐकून बाविसावर ठाम राहिला. शेवटी मी म्हटलं, वाजवणारे अप्पा, तेव्हा माप अप्पांचंच घ्यायला हवं.

आता ज्यांच्यापुढे उभं राहायची छाती होत नाही त्यांच्या हाताचं माप घ्यायचं कसं? दुपारी ते आरामखुर्चीत डोळा लागून पडले होते, डावा हात खुर्चीच्या हातावर पसरलेला. मी चवड्यांवर गेलो आणि पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत टेप धरली. तीन इंच, एक दोराही जास्त नाही. टेपेचं टोक पत्र्याचं आणि गार. अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी टेपेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  सारवासारव करायला मी मुकाट्यानं त्यांची छाती मापली, मग कंबर, मग बाही, मग डोक्यापासून पायापर्यंतची उंची. त्यांनीही गिऱ्हाइकासारखे हात वर केले. मी सटकल्यावर ते तुझ्या भावजयीला म्हणाले, हा माझं शेवटचं माप घेऊन गेला वाटतं. आणि कपाटावरची बॅग खाली काढली. त्याच दिवशी त्यांनी तुला न्यायला ये म्हणून लिहिलं.

तरी मी नेट सोडला नाही. चार बोटांना चार पडदे; पंचवीस इंचांवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत पावणेचार इंच पडतात, विसावर बरोब्बर तीन. मग मी सुताराचं ऐकून घेणं बंद केलं. (लुळेपणावर उपाय म्हणून जाड तारा घ्यायचं त्यानंच सुचवलं, हे कबूल करायला हवं.) मानेजोगं वाळलेलं लाकूड त्याच्याकडे एकच होतं. एक खाच इकडची तिकडे झाली की सगळं मुसळ केरात. मी कापडाच्या खडूनं खुणा केल्या, तीनदा पुसल्या, चौथ्यांदा सुतारानं खडू काढून घेतला आणि टोकदार पेन्सिल दिली. करवत चालवताना मी श्वास घेत नव्हतो. पडदे बसले, एकही चुकला नाही. मग आनंदाच्या भरात मी घोडीची जागा आखली आणि ती सरसानं पक्की चिकटवून टाकली. सुतार ओरडत होता की घोडी सुटी ठेव, मागंपुढं करायला लागते. पण कच्चं काम आपल्या दुकानातून बाहेर जात नाही.

काल दुपारी तुझ्या भावजयीनं ती गिटार अप्पांच्या मांडीवर ठेवली. मी दाराच्या पडद्यामागं कान लावून उभा. अप्पांनी तिन्ही तारा जुळवल्या. मोकळ्या तारा इतक्या गोड वाजल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी बोटं टेकवली. ताई, चारही पोचली! करंगळीसुद्धा! आणि त्यांनी तार छेडली, तर काय तो आवाज, दूध नासल्यासारखा. एकेक पडदा दाबून बघितला, सगळे सूर उतरलेले.  आतून आवाज आला, हे मापलं कुणी? तीन महिन्यांत माझ्या वाट्याला आलेले त्यांचे पहिले शब्द! पळायला मला जागाच नव्हती, पडद्याची कडी माझ्या शर्टात अडकली होती.

मी तसाच पुढं झालो. त्यांनी माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली. बारावा पडदा बरोब्बर मधोमध हवा. पट्टीपासून बाराव्यापर्यंत दहा इंच निघाले. बाराव्यापासून घोडीपर्यंत पावणेअकरा. अप्पा टेपेवर बोट ठेवून म्हणाले, मार्जिन सोडलंस? सोडलं होतं, ताई, शिवणीत दडवायला कापडाला सोडतो तसं. पाऊण इंच. बत्तीस वर्षं कापड कापलेला हात, कडेला आला की आपोआप पुढं सरकतो. आणि ही सवय लावली कुणी? मार्जिन न सोडता कापड कापलं म्हणून सोळाव्या वर्षी लाकडी पट्टीनं मला कुणी बडवलं होतं? अप्पा हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. मग आम्ही दोघांनी मिळून ओलं फडकं आणि तापलेली इस्त्री लावून तो सरस सोडवला, ते झाकण धरून, मी इस्त्री धरून. एका कोपऱ्याला झाकण जरा वाकलं. घोडी सुटीच ठेवून वीस इंचांवर आणली आणि त्यांनी तासभर वाजवलं. मला वाटलं, जिंकलो. तर ते उठले, दोरीवरचे तीन शर्ट काढले, घड्या केल्या आणि बॅगेत ठेवले.

असं सगळं आहे. मुलांना आशीर्वाद. भावोजींना शेक घ्यायला सांग.

तुझा धाकटा

ता. क. गुडघ्याचं सगळं उगाच लिहिलं. ताई, अप्पांना नेऊ नकोस. ते गेले तर मला हे घर खायला उठेल. त्यांना थांबा म्हणायला माझं तोंड उघडत नाही, तूच त्यांना काहीतरी सांग. तुझ्याकडे ओल आहे म्हण, वरच्या मजल्यावर कुणी ढोल शिकतंय म्हण, काहीही म्हण.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायच्या आत अप्पांनी माझ्या हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं. त्यांचं म्हणणं, यात पडद्यांचा हिशेब तेवढा बरोबर आहे, बाकी धादांत खोटं. ते म्हणतात, मी कुठं अबोला धरला? मी खोलीत आलो की हाच मागच्या दारानं पळायचा. गिटार मोडली ते त्याच दिवशी विसरलो होतो. तीन महिने मुलगा तोंड दाखवेना, तेव्हा म्हटलं आपली अडचण होत असेल.

ता. क. ३. मी आत्ता त्यांना विचारलं, अप्पा, तुम्ही इथंच राहाल का? ते म्हणाले, राहतो की. ताई, एवढं विचारायचंच राहिलं होतं गं.