मुक्या पिक्चरमधला टिकेश

नवेगाव बांध
२१ नोव्हेंबर २००४

चि. टिकेशले गिरजाताईचा आशीर्वाद.

इकडे सारं बरं. धान कापून झाला. तलावावरून धुकं गावात येते, अन् समोरचा माणूस कोण ते कळत नाही. बाबाची तब्येत ठीक आहे. म्हणजे जेवतात, फिरतात.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाआधी मुका पिक्चर लावला. धान कापलेल्या बांधीत, वावरातच, पडदा. एक बारीक माणूस, आखूड कोटातला. तसाच कोट घालून चोर मागच्या दारानं पळते अन् शिपाई याच्याच मागं लागतात. हा पडते, उठते, पिठाच्या पिंपात बुडते. आवाज कायचाच नाही. धुक्यात सारं सपनावानी दिसे. बाबा पोट धरून हसले. मग एकदम उभे झाले अन् पडद्याकडे पाहून म्हणाले, "टिकेश, तो तू नव्हता रे. मले मालूम आहे."

लोक आणखीच हसले. मले रडू आलं.

तुले आठवते ना, अशाच धुक्यात बाबा बांधीवर उभं राहून तुले हाका मारून राहिले होते. तू ओ देत नाही म्हणून पेटले. अन् तो होता तुझा जुना कोट घातलेला बुजगावणा. घरी हे ऐकून तू हसला, अन् बाबांनी तुले मारलं. "तोंड दाखवू नको" म्हणाले, अन् तू गेला तो गेलाच. आता तेच बाबा ज्याच्या-त्याच्या तोंडात तुझं तोंड पाहतात.

खरं सांगते, बाबा ठीक नाहीत. जावयासमोर कधी आवाज न चढवणारा माणूस, परवा तुझ्या भाऊजीले टिकेश समजून काठी घेऊन धावला. हे पुढं, बाबा मागं, वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावरून. दोघंही पाटाच्या चिखलात पडले. मग बाबांनी स्वतः यांचे पाय धुतले अन् विचारलं, "पावने, कवा आले?"

मी हसली, काऊन खोटं बोलू. पण कवाकवा ते तुझं नावही शोधत बसतात, अन् सापडत नाही. म्हणून लवकर ये. तुले पावना म्हणतील, नाहीतर मेलेल्या काकाचं नाव घेतील. चूक काढू नको बाबू. जे नाव घेतील त्याले ओ दे. त्या दिवशीची हाक अजून तशीच बांधीवर उभी आहे.

बाबा मले आईच्या नावानं हाक मारतात तेव्हा ओ देणारी,
तुझी गिरजाताई