एका दीर्घिकेच्या दोन तऱ्हा

तीर्थरूप आईस,
वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते आणि तू विणलेला स्वेटर घालते. तेव्हा पुढच्या पत्रात ते विचारू नकोस.

कामात मात्र डोक्याचा पार भुगा झालाय. माझी एक लांबची दीर्घिका आहे, म्हणजे ताऱ्यांचं गावच म्हण. एक दुर्बीण सांगते, तिथे नवा तारा जन्मून युगं लोटली. दुसरी सांगते, तिथे बाळंतिणींची रांग लागलीय! दोन्हींची आकडेमोड चारदा तपासली, चूक काही सापडत नाही. सर म्हणतात, "मध्ये धूळ असेल, ती एकीपासून नवे तारे झाकत असेल. तिसऱ्या दुर्बिणीतून बघ."

तुमचंही तसंच. तू लिहितेस, बाबा रोज बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडतात. ताई लिहिते, बाबा महिनाभर खुर्चीतून उठलेले नाहीत. अगं, तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना? ताई फुगवून सांगते हे खरं, पण तू झाकून सांगतेस हेही मला ठाऊक आहे. कुणाचं खरं मानू?

म्हणून आता पेन बाबांच्याच हातात दे. दोनच ओळी लिहू देत. मला शिव्या घातल्या तरी चालेल, अक्षर तेवढं त्यांचं असू दे.

तुझी गोंधळलेली,
धाकटी