गाडीचा मागचा झोल आणि माझा हात

ता. १९ जानेवारी १९३४, शुक्र.
रावसाहेबांचं बार्शीचं कोर्ट आटोपून परत येताना वैरागच्या अलीकडच्या वळणावर गाडीची मागची बाजू एकदम बाहेर फेकली गेली. वेग बेताचा, रस्ता कोरडा. लिंबाच्या झाडापासून हातभरावर थांबलो. बाईसाहेबांचं कपाळ टपाच्या दांडीवर आपटलं, टेंगूळ आलं. घरी उतरताना रावसाहेब एवढंच म्हणाले, "दादाराव, काल काही घेतली होती का?" चौदा वर्षं यांची गाडी चालवतोय. पानाशिवाय तोंडात काही घालत नाही हे घरच्या मांजरालासुद्धा माहीत आहे. जेवण गेलं नाही.

२१ जाने., रवि.
चारी चाकांची हवा मोजली. सारखी. मौलासाब फिटरकडे नेली. स्टेअरिंग हलवून बघितलं, पुढची चाकं उचलून बघितली. म्हणाला, "कुच नई दादा, एकदम बरोबर हाय." एकटाच स्टेशनपर्यंत फिरवून आलो. गाडी शहाण्यासारखी चालली. मग परवा काय झालं होतं?

२४ जाने., बुध.
आज पुन्हा. तळ्याकडच्या वळणावर, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत. मागे रा.सा. आणि त्यांचे दोन अशील. गाडी आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मागून कुणी ढकलल्यासारखी. मी स्टेअरिंग सावरतोय तो ती आणखीनच डुलते. एक अशील म्हणाला, "डायवर, जरा दमानं की." दमानंच होतो रे बाबा.
बा.सा. त्या टेंगळापासून गाडीत बसत नाहीत. टांग्याने देवळात जातात. दारात मोटार आणि टांग्यात बाई, सगळी गल्ली बघते.

२५ जाने.
रा.सा.नी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "वय होतं माणसाचं. हात पूर्वीसारखा राहत नाही. पुण्याहून एक जण येतोय एक तारखेला. तोवर तुम्हीच बघा." म्हणजे सात दिवस. हात गेला असं तोंडावर म्हणाले. गेला असेल तर मला कळायला नको?

२७ जाने., शनि.
पुढच्या चाकांच्या पिना मौ.कडून नव्या घालून घेतल्या. अख्खा दिवस गेला. फरक शून्य. मौ.वर चिडलो, तो माझ्यावर. घरी सांगितलं तर ही म्हणते, "डोळं दावून या की एकदा." बाजारात उभं राहून लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. सगळ्या वाचता आल्या. एक कानडीत होती, ती जवळूनही आली नसती.
खरं सांगायचं तर आता मलाच भीती वाटते. वळण आलं की हाताला घाम सुटतो.

२९ जाने., सोम.
सकाळी तोंड धुताना आठवलं. वडील टांगेवाले. म्हणायचे, घोडा मान टाकतोय म्हणून मानच बघत बसू नको, मागचा पाय बघ. आम्ही आठ दिवस मानच बघतोय.
आणि रिकामी गाडी नीट चालते, मागे माणसं बसली की झोल. हे आधी का सुचलं नाही? गाढवपणा.
मौ.ला घेऊन मागे ज्वारीची तीन पोती टाकली. टांग्यांच्या अड्ड्यामागच्या फरशीवर पाणी ओतलं आणि सावकाश वळण घेतलं. मौ. वाकून ओले माग बघत होता. मागचं चाक पुढच्याच्या मागे येईना, बाजूला सरकत होतं. कुत्रं तिरकं पळतं तसं. मौ. गाडीखाली शिरला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाला पहार लावून उचकटलं. खालूनच म्हणाला, "दादा, ये देखो." मागचे पाटे ज्या पिनांवर झुलतात त्या पिना खडखड हलत होत्या. बोट जाईल एवढी फट.
हात गेला नव्हता. मीही खाली शिरून फटीत बोट घालून बघितलं.

३० जाने.
पिना काढल्या. मधोमध झिजून उसाच्या कांडीसारख्या झालेल्या, कोरड्या ठणठणीत, गंजलेल्या. ग्रीसचा थेंब नाही. मी म्हटलं, असं कसं, दर पंधरवड्याला मी स्वतः पिचकारी मारतो. मौ.ने ग्रीस आत जायचं निपल नखाने खरवडलं. काळा रंग निघाला.
खंडेनवमीला मीच दिलेला. पूजेला गाडी खालूनसुद्धा चकचकीत पाहिजे म्हणून आडवं पडून, एक एक जागा शोधून ब्रश फिरवला होता. तेव्हापासून ग्रीस आत गेलंच नाही. बाजूने बाहेर यायचं आणि मी समाधानाने पुसून घ्यायचो.
मौ. म्हणाला, "घोडे को खरारा मारा, चारा नई डाला."
नव्या पिना बसवल्या. लाज वाटली.

३१ जाने., बुध.
झिजलेली पिन घेऊन रा.सा.कडे. वकील माणूस, पहिला प्रश्नच तो. "ग्रीस कोण भरतं?" मौ.चं नाव जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. म्हटलं, "मीच, साहेब." रंगाचंही सांगितलं. त्यांनी पिन उलटसुलट बघितली, टेबलावर ठेवली. "बरं. उद्या तो येतोय, त्याला गाडी दाखवा." बस्स.

१ फेब्रु., गुरु.
आला. तिशीचा, हातात घड्याळ, बोलणं गोड. रा.सा.नी बा.सा.ना हट्टाने मागे बसवलं. मी पुढे त्याच्या शेजारी. वैराग रस्त्याला गाडी सुतासारखी सरळ. ते लिंबाचं वळण आलं तेव्हा माझेच पाय आवळले. गाडी हललीसुद्धा नाही. मागून बा.सा. म्हणाल्या, "अगंबाई, किती छान हात आहे हो यांचा."
पिनांचं रा.सा.ना माहीत आहे. बाईंना सांगतील असं वाटलं, वाट बघितली.
घरी पोचल्यावर म्हणाले, "उद्या दोघंही या." दोघं कशाला, ते सांगितलं नाही.