यंदाच्या दसऱ्याचं कुंकू

ग्लासगो, दसरा

तीर्थरूप बाबांना,

व्हिडिओ कॉलवर पाया पडता येत नाही, म्हणून कागदावर पडते.

आज आमच्या कंपनीचं मोठं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेलं. लाखो ग्राहकांच्या ऑर्डरी, तक्रारी त्यातच असतात. एकही हरवली नाही! टीम माझी होती. डिलाईल रोडला सगळ्यांना खुशाल सांगा, मी लाजणार नाही.

आईला म्हणावं, वेळेवर जेवते. बहुतेक वेळा. तुमचा खोकला कमी आहे ना? खरं सांगा.

तुम्ही दसऱ्याला गिरणीतल्या कापड विणायच्या साच्याला कुंकू लावायचात, म्हणून मीही ऑफिसात करंडा नेला. पण आता आमची हत्यारं कंप्युटरवर नसतातच. ब्राउझरमध्ये उघडतात, जगात कुठूनही. मग आमचं कामही कुठेही जाईल, असलं काही मनात आणू नका. मीही आणत नाही.

पण मग कुंकू लावायचं कशावर? गिरणी बंद पडली त्या दसऱ्याला तुम्ही स्वतःच्याच हातांना लावलं होतंत. मी दारामागून पाहिलं होतं. मीही तेच केलं. मग साहेब अभिनंदन करायला आला, तर त्याचाही तळवा लाल झाला.

तुमचीच,
हेमांगी