नवसाचा गोल

मोंतेस्पिना, वरचा मजला
२४ मे १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एकाच जिन्यावर राहणाऱ्या भावाला तिकीट लावून पत्र कशाला, असं तू म्हणशील. कारण आजपासून मला तुझ्याशी बोलता येणार नाही. मी रागावलेलो नाही. काल तुझ्या स्वयंपाकघरात आपण शेंगा सोलत बसलो होतो, ते मला फार बरं वाटलं होतं. म्हणून तर लिहितो आहे.

सकाळचा पेपर तू वाचलाच असशील. गेल्या जूनमधल्या शेवटच्या सामन्यात ज्याच्या पायांमधून चेंडू गेला, त्या गोलरक्षकाने कबुली दिली आहे. आपल्या संघाच्या अध्यक्षांनी त्याला पैशांचं पाकीट दिलं होतं. आपण जिंकलो, दुसऱ्या श्रेणीत चढलो, सगळं त्या पाकिटामुळे.

आता माझी अडचण बघ. माझ्या लग्नात तू चर्चमध्ये कानाला रेडिओ लावून बसलास. पाद्रीबाबांनी फिलोमेनाला विचारलं की हा नवरा तुला कबूल आहे का, आणि नेमका तेव्हा समोरच्या संघाने गोल केला. तिसऱ्या रांगेतून तुझं 'नाही!' आलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. मग गेल्या वर्षी त्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी टेकडीवरच्या चर्चमधल्या शिळेच्या माउलीला नवस बोललो, की आपण जिंकलो तर दादाशी बोलेन. जिंकलो. मी खाली आलो, बोललो आणि माउलीला चांदीची जीभ वाहिली.

पण माउलीने काही केलंच नव्हतं. केलं ते सिमेंटवाल्या अध्यक्षांनी. जो नवस पावलाच नाही तो फेडून मी तिला खोटं पाडलं. तेव्हा सगळं पूर्वीसारखं करणं मला भाग आहे. लिहिण्याविषयी नवसात काही नव्हतं.

लोभ असावा, तूर्त लेखी.
तुझा,
दोनातो

•

मोंतेस्पिना, खालचा मजला
२८ मे १९८६

चि. दोनातोस,
अ. आ.

पत्र मिळालं. तूच आणून दिलंस. भाऊ पोस्टमन असला की टपाल गहाळ होत नाही. दारात उभा राहून तू पाकीट पुढे केलंस आणि छताकडे बघत राहिलास. छताला ओल आली आहे, ती तुला दिसली असेल.

बारमधली हकिगत लिहितो, कारण तू आला नाहीस. लाच दिली याचं तिथे कुणालाही वाईट वाटलेलं नाही. वाईट याचं वाटतं की ती गोलरक्षकाला द्यावी लागली. वर्षभर आपण समजत होतो की आपल्या तुल्लियोने तो गोल मारला. तुल्लियो कोपऱ्यात बसून सांगत होता की चेंडू त्याने खरोखर मारायचा म्हणूनच मारला होता, पाकिटाचं त्याला ठाऊकच नव्हतं. कुणी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. भाजीवाल्या कताल्दोने त्या गोलच्या आनंदात सज्जातून उडी घेतली होती. तो आता सगळ्यांना विचारत सुटला आहे, की मग मी लंगडतो ते कशासाठी. वकिलाकरवी तो संघाला नोटीस धाडणार आहे. 'माउलीच्या मुकुटावरच्या तेजाने शत्रूचे डोळे दिपले' ही गेल्या वर्षी जिंकल्यावर बसवलेली संगमरवरी पाटी काढायची का, यावर मतदान झालं. शेवटी तिच्यावर आइस्क्रीमची जाहिरात चिकटवली.

आता तुझ्या नवसाबद्दल. अध्यक्षांनी गोलरक्षक विकत घेतला असेल. तू जिना उतरलास तो काही त्यांनी विकत घेतला नव्हता. त्या दिवशी तू माझ्या दारात आलास आणि चप्पल न काढता तासभर नुसता तुल्लियोवर बोललास. ते तुझं होतं.

विचार कर. उत्तर तोंडी चालेल.

तुझा दादा,
सावेरियो

•

मोंतेस्पिना, वरचा मजला
१५ जून १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचार केला आणि फादर एलिसेओंकडे गेलो. तिथे रांग होती. कुणी दारू सोडली होती, कुणी पत्ते, औषधवाल्याने सासूला घरी आणलं होतं. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, की आता मोकळीक मिळेल का. औषधवाला सासूला बरोबरच घेऊन आला होता. फादरनी स्वतः सिगार सोडला होता आणि पेपर आला त्या सकाळीच पुन्हा पेटवला, त्यामुळे त्यांना कुणावर फार आवाज चढवता येईना.

त्यांनी असं सांगितलं, की फुटबॉल संघटनेचा निकाल लागायचा आहे, त्यावर अपील होईल, आणि अपिलाचा निकाल येईपर्यंत सामना जिंकला असंही धरता येत नाही, हरला असंही नाही. तोवर नवस तहकूब, आणि बोलणंही. माझी चांदीची जीभ त्यांनी खुंटीवरून काढून मेणबत्त्यांच्या कपाटात ठेवली. मी विचारलं की तोवर निदान हातांनी खुणा करू का. ते म्हणाले की आपल्या गावात माणूस निम्मं हातांनीच बोलतो, तेव्हा खुणा म्हणजेही बोलणंच. म्हणून तुझ्या दारावरून जाताना माझे हात खिशात असतात. गैरसमज नसावा.

फिलोमेना मला मूर्ख म्हणते. तिचा नवस नाही, म्हणून ती सज्जातून तुझ्याशी आम्हा दोघांच्या वाटचं बोलून घेते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. टोपलीतून खाली सोडलेल्या भरल्या मिरच्या मी केल्या होत्या. मीठ जास्त झालं का ते टोपली दोनदा हलवून कळवू नकोस. ते खुणेत जाईल.

लोभ आहे, तो अपिलापर्यंत तसाच ठेवावा.
तुझा,
दोनातो

•

मोंतेस्पिना, खालचा मजला
१९ जुलै १९८६

चि. दोनातोस,
अ. आ.

मिरच्यांत मीठ जास्त होतं.

काल मीच मला रजिस्टर पत्र पाठवलं. सही घेताना पोस्टमनला नाव विचारावं लागतं, असा नियम आहे. तू आलास, पावती दातांत धरून पुढे केलीस, हात खिशात. मी सही केली. कागद ओला झाला होता. जिना चढताना तू थांबलास ते मला ऐकू आलं. मी दार उघडून वाट बघितली. तू वर गेलास.

पहिला निकाल आला. गुण कापले, श्रेणी राहिली. अध्यक्षांच्या वकिलाने अपील केलं आणि संघटनेच्या वकिलानेही केलं. त्याला ही शिक्षा कमी वाटते. बारमधले म्हणतात की हे सहज दोन वर्षं चालेल. मोठ्या वकिलासारखं तोंड करून म्हणतात.

दोनातो, मी घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही आणि त्याची मला सवय आहे. पण ती अकरा वर्षं तुझी पावलं मला डोक्यावर ऐकू यायची. तू कधी उठलास, कधी जेवलास, कुठल्या गोलला टेबलावर मूठ मारलीस, सगळं कळायचं. तीच मूठ मी खाली मारायचो. तेव्हा जमलं, कारण दुसरं काय असतं ते माहीत नव्हतं. आता एक वर्ष माहीत झालं आहे. पुन्हा जमणार नाही.

तोरिनोला ताईकडे एक खोली रिकामी आहे. माउलीची जत्रा आटोपली की सोळा ऑगस्टच्या गाडीने मी जातो आहे. हा राग नाही. तुझी पावलं तुझी तुला ऐकू येत नाहीत, म्हणून लिहिलं.

तुझा दादा,
सावेरियो

•

तोरिनो
२७ जुलै १९८६

चि. दोनातोस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या गालांवर दोन चापटाही.

तीस वर्षं मी मोटारीच्या कारखान्यात गेले. तिथे बायकांना सांगायची की माझे दोन भाऊ आहेत, एक शहाणा आणि एक पोस्टमन. आता शहाणा पत्र लिहितो की मी येतो. मी खोली झाडून ठेवली. तो आला तर मला सोबत होईल, मी का नको म्हणू? पण सावेरियोला इथे आणून काय होणार ते ऐक. इथे सगळे सकाळी गॅलरीत येतात आणि एकमेकांना नमस्कार करून आत जातात. तो नमस्कार करेल आणि आत येईल. मोंतेस्पिनाच्या संघाचं नाव इथे कुणी ऐकलेलं नाही. तो कुणाशी भांडेल?

तू म्हणतोस की माउलीला खोटं पाडायचं नाही. अरे, आपली आई होती तेव्हा तिच्यापुढे तुम्ही दोघं खोटं बोलायचात आणि ती जेवायला वाढायची. माउली काय तिच्याहून कडक आहे?

नवस बोलताना तू देऊ काय केलंस ते एकदा नीट आठव. लोकं दारू सोडतात, पायी चालतात. त्रास होईल तेच देऊ करतात.

फिलोमेनाला सांग, जिभेसारखी तुझी पोस्टमनची टोपीही कपाटात ठेव म्हणावं.

लोभ आहेच, तो तुझ्यामुळे नाही.
तुझी ताई,
एर्मेलिंदा

•

मोंतेस्पिना, वरचा मजला
७ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दादाला पाठवलेलं पत्र काल मीच पोचवलं. पाकीट जाड होतं. बोटांना कळलं की आत आगगाडीचं तिकीट आहे. पोस्टात वीस वर्षं झाली, पण एखादं पत्र गटारात टाकावंसं प्रथमच वाटलं. नाही टाकलं. दाराखालून आत सरकवलं.

तुझं वाक्य मी चार दिवस चघळलं. त्रास होईल तेच देऊ करतात. मग मी तरी काय केलं होतं? दादाशी बोलणं हे काट्यांवरून चालण्यासारखं मानून देऊ केलं होतं. संघ मिळावा म्हणून. आणि नंतरचं अख्खं वर्ष मला एक काटा टोचला नाही.

म्हणून आज सकाळी मी पुन्हा टेकडीवर गेलो. चर्चमध्ये कुणी नव्हतं. मी माउलीला म्हणालो की मागच्या वेळी माझा हिशोबच उलटा झाला. आता सुलटा करतो. संघ घे. चौथ्या श्रेणीत टाक, हवं तर त्याच्याही खाली, जिथे सामन्याआधी मैदानावरून मेंढ्या हाकाव्या लागतात. दादा राहू दे. निकाल तेवढा त्याच्या गाडीआधी लागू दे. संघ खाली गेला तर मी त्याच क्षणी खाली जाईन.

बाहेर आलो तर खाली मैदान दिसत होतं. माळी पाणी मारत होता. मला रडू आलं. ताई, मला मुलगा असता तर त्याचं नाव मी तुल्लियो ठेवलं असतं. आणि मी काय मागून आलो होतो?

हे कुणाला सांगू नकोस. बारमध्ये कळलं तर मला टेकडीवरून लोटून देतील, आणि ते बरोबरच होईल.

लोभ असावा, मी त्याला लायक नसलो तरी.
तुझा,
दोनातो

•

मोंतेस्पिना, खालचा मजला
१७ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आलो नाही, हे तुला स्टेशनवर कळलं असेल. तार करायला हवी होती, पण इथे एका मिनिटाची उसंत नव्हती. रागावू नकोस. तिकीट सोबत परत पाठवतो.

मंगळवारी दुपारी रेडिओवर अपिलाचा निकाल सांगितला. चौथी श्रेणी. बारमध्ये कताल्दो खाली बसला, तुल्लियो उभा राहिला. संध्याकाळी रीतीप्रमाणे संघाची प्रेतयात्रा काढली. भिंतीभिंतींवर काळ्या चौकटीची शोकपत्रकं, पुढे बँड, मग पिवळ्या-जांभळ्या झेंड्यात गुंडाळलेली पेटी. पेटीला खांदा द्यायला दोनातो. सगळं गाव हुंदके देत होतं आणि ह्याचं तोंड लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये शिरताना होतं तसं हसरं. फिलोमेनाने त्याच्या पुढे रुमाल धरला, लोकांना वाटलं की त्याला दुःख आवरेना.

पेटी पुरली तसा तो धावत घरी आला, हात खिशाबाहेर काढून माझ्या दारात उभा राहिला आणि बोलायला लागला. आनंदाच्या भरात त्याने नवा नवसही सांगून टाकला.

मी दार लावून घेतलं.

ताई, तुला हे कसं सांगू. मी चाळीस वर्षं त्या संघामागे उन्हात उभा राहिलो आहे. दुसऱ्या श्रेणीत आपण एकदाच गेलो. आणि माझा सख्खा भाऊ टेकडीवर जाऊन ती श्रेणी माझ्यापायी परत करून आला. विचारलं तरी होतं का मला? मी बॅग भरायला घेतली. आधी जे शर्ट घडी करून ठेवले होते ते बाहेर काढून पुन्हा कोंबले.

तो दाराबाहेर बसून राहिला. मे महिन्यापासून साठवलेलं सगळं बोलत होता. छताची ओल, औषधवाल्याची सासू, मिरच्यांतलं मीठ. फिलोमेनाने त्याला तिथेच जेवण दिलं, तो घास तोंडात ठेवून बोलला. दुसऱ्या दिवशीही तेच. टपाल वाटून यायचा आणि उंबऱ्याशी बसायचा. मी एक शब्द बोललो नाही. मलाही जमतं, हे त्याला कळावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो चौथ्या श्रेणीचे गोडवे गायला लागला. म्हणाला की आपले चांगले दिवस तिथेच गेले, आठवतं का, एकोणीसशे बासष्टचा संघ, डाव्या बाजूला तो लाल केसांचा पास्क्वारेल्ली.

पास्क्वारेल्ली उजवीकडे खेळायचा. लहान पोरालाही ठाऊक आहे. मी दोन घटका सहन केलं. मग दार उघडून त्याला सांगितलं. तो म्हणाला डावीकडे. मी म्हणालो, गाढवा, उजवीकडे, डावीकडे त्याचा मेहुणा असायचा. हे अजून मिटलेलं नाही. तो आत येऊन त्यावरच बोलतो आहे आणि माझ्या टेबलावर मूठ मारतो आहे. दुरुस्तीला आलेली दोन घड्याळं त्यामुळे चालू झाली.

सप्टेंबरात पहिला सामना परगावी आहे. आम्ही दोघं जाणार. तिथे बसायला बाक नाहीत, घरून खुर्च्या न्याव्या लागतात असं ऐकतो. नवसाचं मात्र तुझ्यापाशीच राहू दे. आमच्या दोघांपैकी कुणालाही पोहता येत नाही आणि टेकडीखाली नदी आहे.

हे लिहितानाही तो समोर बसून कागद उलटा वाचतो आहे. तुला पास्क्वारेल्लीबद्दल विचार म्हणतो. तू काहीही कळवलंस तरी आमच्यातला एक जण ऐकणार नाही. तीन दिवस झाले, ताई. माझं डोकं उठलं आहे.

लोभ असावा, आणि ती खोली इतक्यात कुणाला देऊ नकोस.

तुझा,
सावेरियो